तार तीच, मग वेग कुठून आला?

पाथर्डीत फायबरचं नेट घेतलेल्या माणसाशी गप्पा मारताना एक शंका हमखास निघते. सुरुवातीला ४० एमबीपीएसचा प्लॅन होता, मग १०० चा घेतला, आता दुकानासाठी ३०० चा. दर वेळी कंपनीचा माणूस फार तर घरातला डबा बदलून गेला. रस्ता पुन्हा कुणी खणला नाही, खांबावरची वायर तीच राहिली. मग स्पीड वाढला कुठून?

शंका रास्त आहे आणि तिला दोन उत्तरं आहेत. एक घरापुरतं, सोपं आणि जरा निराश करणारं. दुसरं उत्तर पाथर्डीहून नगर, पुणे, मुंबई आणि पुढे समुद्राखालून जाणाऱ्या मुख्य केबलचं आहे. तिथे गेल्या पंचवीस वर्षांत जे घडलं ते कळायला थोडी सबुरी लागते, पण गणित शाळेतल्याच पातळीचं आहे.

१. घरापर्यंत येणारा धागा

आधी वस्तू बघू. काळ्या प्लास्टिकच्या आवरणात काचेचा एक धागा असतो. त्याची जाडी ०.१२५ मिलिमीटर, म्हणजे जवळपास केसाएवढी. प्रकाश सगळ्या जाडीतून जात नाही, मधल्या ९ मायक्रॉनच्या गाभ्यातूनच जातो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. असा धागा पाथर्डीपासून फार लांब बनत नाही. छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूज आणि शेंद्र्याला स्टरलाइटचे, म्हणजे आताच्या एसटीएलचे, कारखाने आहेत. तिथे काचेची जाड कांडी भट्टीत वितळवून तिच्यातून किलोमीटरच्या किलोमीटर धागा ओढतात.

या काचेची शुद्धता थक्क करणारी आहे. प्रकाश १५ किलोमीटर गेल्यावर निम्मा होतो आणि ८० किलोमीटरनंतर चाळिसावा हिस्सा उरतो. ऐकायला कमी वाटतं, पण खिडकीच्या काचेतून एवढं अंतर जायचं म्हटलं तर पहिल्या काही मीटरांतच अंधार होईल.

आता घरापुरतं उत्तर. घरगुती फायबरची सर्वांत रुळलेली पद्धत जीपॉन नावाची आहे. तालुक्याच्या केंद्रातून निघालेला एक धागा वाटेत ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो आणि त्यातून केंद्राकडून घरांकडे सेकंदाला सुमारे २.५ गिगाबिट, म्हणजे अडीच अब्ज बिट जातात. बिट म्हणजे एक हो किंवा एक नाही, १ किंवा ०. तुमचा ४० चा प्लॅन १०० चा झाला तेव्हा धाग्यात काहीच बदललं नाही. केंद्रातल्या संगणकावर तुमच्या नावापुढचा आकडा कुणीतरी बदलला. वेग आधीपासून होता, तो तुम्हाला दिला नव्हता इतकंच.

पण तालुक्यातली सगळी घरं, शाळा, बँका आणि मोबाइलचे मनोरे एकत्र धरा. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या आईबापांचा फडावरून आलेला व्हिडिओ कॉल हवेतून जातो तो जवळच्या मनोऱ्यापर्यंतच. तिथून पुढचा बहुतेक प्रवास काचेतूनच होतो. हा सगळा लोंढा मोजक्या धाग्यांतून जातो आणि तिथे प्लॅनचा आकडा बदलून भागत नाही. तिथे प्रकाशावर मजकूर चढवायची रीतच बदलावी लागली. या रीतीला मॉड्युलेशन म्हणतात आणि या प्रकरणाचा विषय तोच आहे.

२. पेटव, विझव

रब्बीच्या दिवसांत शेतीची वीज रात्रीची असली की दारं धरायला दोघे लागतात. थोरला भाऊ विहिरीवर मोटारीपाशी, धाकटा रानाच्या दुसऱ्या टोकाला, हातात बॅटरी. मोबाइलला रेंज नाही. दोघांनी ठरवलंय: दर सेकंदाला एक खूण. बॅटरी पेटली तर १, विझली तर ०. आठ सेकंदांत आठ खुणा, त्यात एक अक्षर सहज मावतं.

जीपॉन नेमकं हेच करतं. लेझरचा प्रकाश लखलखीत केला की १, मंद केला की ०. घरातला डबा फक्त उजेड मोजतो. (हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, तो अवरक्त असतो. जोडणी तपासताना कारागीर जो लाल उजेड दाखवतो तो त्याच्या हातातल्या तपासणीच्या पेनचा. म्हणून सुट्या फायबरच्या टोकात डोकावून पाहू नये. काही दिसणार नाही, इजा मात्र होऊ शकते.)

फरक वेगाचा आहे. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. अडीच अब्ज बिट एका सेकंदात सोडले तर प्रत्येक बिटच्या वाट्याला किती लांबी येते? २ लाख किलोमीटर भागिले अडीच अब्ज, म्हणजे सुमारे ८ सेंटीमीटर. खांबावरून गेलेल्या एक किलोमीटर वायरीत कुठल्याही क्षणी साडेबारा हजार बिट एकामागोमाग धावत असतात.

महाराष्ट्राचा या पद्धतीशी संबंध जुना आहे. देशात स्थानिक टेलिफोन केंद्रांना जोडणारी पहिली ऑप्टिकल फायबर यंत्रणा १९७९ साली पुण्यात सुरू झाली. काचेतून दूरवर संदेश पाठवता येईल हे चार्ल्स काव यांनी १९६६ मध्ये मांडलं होतं आणि १९७० मध्ये अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीने पुरेशी स्वच्छ काच बनवून दाखवली होती. म्हणजे पुण्यात ती नऊच वर्षांत पोचली. काव यांना नोबेल मिळालं ते मात्र २००९ मध्ये. पुण्यातल्या त्या यंत्रणेपासून पुढे जवळजवळ तीस वर्षं जगभर मुख्य रीत पेटव-विझव हीच राहिली. वेग वाढवायचा तर आणखी भरभर पेटवायचं आणि विझवायचं. ते १० गिगाबिटपर्यंत छान चाललं, मग अडलं.

३. भरभर मिचकावण्याची शिक्षा

काचेत प्रत्येक रंगाचा प्रकाश किंचित वेगळ्या वेगाने जातो. लेझर एकाच रंगाचा असतो असं आपण म्हणतो, पण तो पेटवून चटकन विझवला की त्याच्या रंगात थोडा पसारा येतो. झबका जितका छोटा, तितका पसारा मोठा. हा निसर्गाचा नियम आहे, यंत्र कितीही चांगलं आणा, तो टळत नाही.

परिणाम असा: झबक्यातले काही रंग पुढे पळतात, काही मागे रेंगाळतात आणि झबका पसरतो. पसरलेले झबके एकमेकांत शिरले की १ कुठे संपला आणि ० कुठे सुरू झाला ते कळत नाही.

आता वेग चौपट केला, १० गिगाबिटवरून ४० वर नेला, तर काय होईल? झबका चौपट छोटा, म्हणून रंगांचा पसारा चौपट. शिवाय दोन झबक्यांमधली जागा चौपट कमी, म्हणून चालणारा पसरटपणाही चौपट कमी. दोन्ही मिळून अंतराची मर्यादा सोळापट खाली येते. १० गिगाबिटला जो धागा काही उपाय न करता साठेक किलोमीटर चालत होता, तो ४० ला चारेक किलोमीटरवर हात टेकतो. म्हणजे पाथर्डीहून निघालेला संदेश नगर गाठायच्या ऐवजी तालुक्याच्या हद्दीतच गढूळ होणार.

उपाय होते. उलट्या स्वभावाच्या फायबरची भेंडोळी वाटेत बसवायची, म्हणजे मागे पडलेले रंग पुन्हा बरोबर येतात. पण ती प्रत्येक टप्प्यावर मोजूनमापून बसवावी लागत आणि १०० गिगाबिटला तेही पुरेना. मिचकावण्याचा वेग फारसा न वाढवता एका खुणेत जास्त मजकूर कोंबता आला तरच पुढे जाणं शक्य होतं.

४. बॅटरी कुठे धरली?

पुन्हा रानात. धाकट्याला एक युक्ती सुचली. बॅटरी विझवायचीच नाही. दर सेकंदाला ती चारपैकी एका जागी धरायची: उजवीकडे वर, डावीकडे वर, डावीकडे खाली, उजवीकडे खाली. चार जागा म्हणजे चार शक्यता: ००, ०१, ११, १०. हात हलवायचा वेग तोच, पण एका खुणेत दोन बिट. आठ सेकंदांत एकाऐवजी दोन अक्षरं.

सोळा जागा ठरवल्या, चार आडव्या आणि चार उभ्या अशा चौकटीत, तर एका खुणेत चार बिट. चौसष्ट जागा केल्या तर सहा बिट. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल: जागा दुप्पट केल्या की फक्त एक बिट वाढतो.

फायबरमध्ये लेझर अर्थातच वरखाली हलत नाही. ९ मायक्रॉनच्या गाभ्यात हलायला जागाच नाही. मग ही चौकट असते कुठे? प्रकाश ही लाट आहे. फायबरमध्ये वापरतात तो प्रकाश सेकंदाला सुमारे १९३ लाख कोटी हेलकावे घेतो. प्रत्येक लाटेच्या दोन गोष्टी आपल्या हातात असतात. एक तिची उंची, म्हणजे प्रकाश किती तेज. दुसरी तिची वेळ, म्हणजे तिचा माथा ठरल्या क्षणी येतो की पाव लाट उशिरा, अर्धी लाट उशिरा की पाऊण. या वेळेला कला किंवा फेज म्हणतात. कागदावर मध्यबिंदू काढा. लाटेची उंची म्हणजे मध्यापासूनचं अंतर, कला म्हणजे दिशा. अंतर आणि दिशा मिळाली की कागदावर एक जागा पक्की होते. धाकट्याच्या बॅटरीची जागा ती हीच. चार जागांच्या रीतीला क्यूपीएसके म्हणतात. सोळा जागांची ती १६-क्वाम, चौसष्टची ६४-क्वाम. नावं भारदस्त असली तरी मागे एवढंच आहे.

लाटेला पाव भाग उशीर करायचा कसा? लिथियम नायोबेट नावाच्या स्फटिकाला विजेचा दाब दिला की त्यातून जाणाऱ्या प्रकाशाचा वेग किंचित बदलतो. लेझरचा प्रकाश दोन वाटांत विभागायचा, वाटांवर विजेने थोडा उशीर घालायचा आणि पुन्हा एकत्र आणायचा. माथ्यावर माथा आला तर तेज, माथ्यावर दरी आली तर अंधार, आणि दाब उलटा दिला तर अर्धी लाट उशिरा आलेला तेज प्रकाश. ही दोन वाटांची मांडणी लुडविग झेंडर आणि लुडविग माख यांनी १८९१-९२ च्या सुमारास वेगळ्याच कामासाठी केली होती. म्हणून यंत्राचं नाव माख-झेंडर मॉड्युलेटर. अशी दोन यंत्रं शेजारी बसवायची आणि एकाला पाव लाटेचा कायमचा उशीर द्यायचा. एक यंत्र बॅटरी डावी-उजवी करतं, दुसरं वर-खाली. सोळा जागा हव्या असतील तर दोघांनाही दोनऐवजी चार पायऱ्यांचा विजेचा दाब द्यायचा.

५. काळोखात कोपरा ओळखायचा कसा?

विहिरीवर उभ्या असलेल्या थोरल्याची अडचण आता सुरू होते. पेटली की विझली एवढंच बघायचं होतं तेव्हा डोळे पुरत होते. आता मिट्ट काळोखात एकच ठिपका दिसतो. तो उजवीकडे वर आहे की डावीकडे खाली, हे कशाच्या तुलनेत सांगायचं? काळोखाला कोपरे नसतात. तो ओरडतो, "अरे, खांबावरचा दिवा लाव आधी!" रानाच्या मध्यावर एक स्थिर दिवा असला की त्याच्या डावी-उजवीकडे, वर-खाली असं बोलता येतं.

प्रकाश मोजणाऱ्या यंत्राचं दुखणं नेमकं हेच आहे. ते फक्त तेज मोजतं, लाटेचा माथा कधी आला ते त्याला कळत नाही. म्हणून घेणाऱ्याच्या बाजूला स्वतःचा एक लेझर ठेवतात आणि आलेला प्रकाश त्यात मिसळतात. दोन लाटांचे माथे जुळले तर मिश्रण तेजाळतं, उलटे पडले तर मावळतं. त्या तेजावरून आलेल्या लाटेची कला काढता येते. या पद्धतीला कोहेरंट म्हणतात.

कल्पना नवी नव्हती. १९८० च्या दशकात प्रयोगशाळांत तिच्यावर भरपूर काम झालं. अडचण अशी की इथला लेझर आणि शेकडो किलोमीटर पलीकडचा लेझर कधीच तंतोतंत जुळत नाहीत. रानातला दिवाच जागचा हलत राहावा तसं ते होतं. त्यातच १९८७ मध्ये एर्बियम हे मूलद्रव्य मिसळलेल्या फायबरचा प्रवर्धक आला. अशक्त झालेल्या प्रकाशाला विजेत न बदलता तो थेट तेज करतो. पेटव-विझवने स्वस्तात दूर जाता येऊ लागलं आणि कोहेरंटचे कागद कपाटात गेले.

ते बाहेर काढले संगणकाच्या चिपने. २००० नंतर चिपा इतक्या वेगवान झाल्या की आलेली लाट सेकंदाला अब्जावधी वेळा मोजून आकड्यांत साठवता येऊ लागली. एकदा लाट आकड्यांत आली की लेझरांचा बेबनाव गणिताने दुरुस्त करता येतो. तिसऱ्या भागातला रंगांचा पसरटपणाही उलटा फिरवता येतो, कारण आता लाटेची उंची आणि कला दोन्ही हातात आहेत. कुठला रंग किती मागे पडला याचं सूत्र माहीत असतं, तेवढं त्याला पुढे ढकलायचं. भेंडोळी गेली, चिप आली. माझ्या मते या सगळ्या कथेतली खरी उडी ही आहे. जास्त जागांच्या चौकटी मागाहून कुणालाही सुचल्या असत्या. हजार किलोमीटर काचेने केलेली गडबड टोकाला बसून आकडेमोडीने निस्तरता येते, हे पटायलाच वेळ लागला.

कॅनडाच्या नॉर्टेल कंपनीने २००८ मध्ये ४० गिगाबिटची कोहेरंट यंत्रणा बाजारात आणली. पुढच्याच वर्षी कंपनीचं दिवाळं वाजलं. तिचा हा विभाग सिएना या दुसऱ्या कंपनीने विकत घेतला आणि रीत मात्र टिकली. २०१० पासून १०० गिगाबिटची यंत्रं धावू लागली.

त्या १०० चा हिशेब करून बघू. सेकंदाला ३२ अब्ज खुणा. चार जागांची रीत, म्हणून खुणेमागे २ बिट. शिवाय प्रकाशाची लाट उभ्या अंगाने हेलकावते किंवा आडव्या अंगाने. दोन्हींवर वेगळा मजकूर चढवता येतो, म्हणून आणखी दुप्पट. ३२ गुणिले २ गुणिले २ म्हणजे १२८ गिगाबिट. त्यातले १०० ग्राहकाचे, उरलेले मुख्यतः चुका दुरुस्त करण्यासाठी जोडलेले जादा बिट. फायबरच्या वळणावाकणांत उभी आणि आडवी लाट एकमेकींत गुंततात. शेजारून जड वाहन गेल्यावर धागा थरथरला तरी हा गुंता बदलतो. कल्याण-निर्मल महामार्गाकडेच्या केबलवरून उसाच्या गाड्या हंगामभर घरघरत जात असतात आणि चिप तो गुंता क्षणोक्षणी सोडवत बसते.

६. मग हजार जागा का नाहीत?

इथवर आल्यावर कुणीही विचारेल: चारऐवजी सोळा, सोळाऐवजी चौसष्ट, तर थेट हजार का करू नयेत?

पहाटेचं धुकं पडलंय. धाकट्याची बॅटरी आता ठिपका दिसत नाही, धूसर वर्तुळ दिसतं. चार जागा असतील तर वर्तुळ कुठल्या कोपऱ्यात आहे ते तरी कळतं. चौसष्ट असतील तर एकच वर्तुळ तीन-चार जागा झाकतं आणि थोरला अंदाजाने सांगतो. फायबरमधलं धुकं येतं ते मुख्यतः प्रवर्धकांतून. प्रत्येक प्रवर्धक संदेशाबरोबर स्वतःचा थोडा बेताल प्रकाशही मिसळतो. दर ८० किलोमीटरला एक प्रवर्धक धरला तर अंतर वाढेल तसं धुकं दाट होत जातं.

यावर साधा उपाय दिसतो: जागा एकमेकींपासून लांब ठेवा, म्हणजे हात अधिक पसरा. किंमत काय पडते ते मोजता येतं. मध्यापासून जागेच्या अंतराचा वर्ग म्हणजे त्या खुणेला लागणारी शक्ती. चार जागा मध्यापासून आडव्या १ आणि उभ्या १ अंतरावर ठेवल्या तर शक्ती १ अधिक १, म्हणजे २. शेजारच्या जागांमधलं अंतर तेवढंच राखून सोळा जागा मांडल्या तर आडवी-उभी अंतरं १ किंवा ३ येतात आणि सरासरी शक्ती १० होते. चौसष्टला ती ४२ होते. म्हणजे बिट दुप्पट करायला शक्ती पाचपट, तिप्पट करायला एकवीसपट.

बरं, शक्ती वाढवायलाही मर्यादा आहे. इवल्याशा गाभ्यात फार तेज प्रकाश कोंबला की प्रकाशच काचेचा गुणधर्म बदलतो आणि आपल्याच लाटेची कला बिघडवतो. जॉन केर या शास्त्रज्ञाने काचेवरचा या जातीचा परिणाम १८७५ मध्ये विजेच्या दाबाने दाखवला होता, त्याच्याच नावाने हा ओळखला जातो. त्यामुळे फायबरमध्ये शक्ती वाढवत नेली तर संदेश आधी सुधारतो, एका ठिकाणी सर्वांत चांगला होतो आणि पुढे बिघडायला लागतो.

म्हणून अंतर आणि दाटी यांचा सौदा करावा लागतो. शहरातल्या शहरात ६४ जागा, काहीशे किलोमीटरला १६, महासागर ओलांडायचा तर कमी. अलीकडे यात एक सुरेख सुधारणा झाली. चौकटीच्या कडेच्या जागांना हात लांब न्यावा लागतो, दमायला होतं. मग सगळ्या जागा सारख्या वेळा कशाला वापरायच्या? मधल्या जागा जास्त वेळा, कोपऱ्यातल्या क्वचित, असा मजकूर रचायचा. सरासरी मेहनत घटते आणि तीच शक्ती जागा लांब ठेवायला वापरता येते. शिवाय कोपरे किती वापरायचे याचं प्रमाण बदललं की वेग हवा तसा कमी-जास्त करता येतो. अमुक टप्प्याला १६ कमी आणि ६४ जास्त अशी अडचण राहत नाही.

याच्या उलट टोकाला डेटा सेंटर आहेत. नवी मुंबईत ऐरोली-महापे भागात अशी बरीच उभी राहिली आहेत. तिथे अंतर काहीशे मीटरचं, यंत्रं हजारो, त्यामुळे कोहेरंटचा खर्च परवडत नाही. तिथे तेजाच्या चार पायऱ्या करतात: अंधार, मंद, मध्यम, लखलखीत. एका खुणेत दोन बिट, वेगळा लेझर नको, कला नको. पायऱ्यांमधली जागा तिसऱ्या हिश्शावर येते आणि धुक्याला तोंड द्यायची ताकद घटते, पण तेवढ्या अंतरात धुकं असतंच किती? या रीतीला पॅम-४ म्हणतात. जुन्या पेटव-विझवची ती धाकटी बहीण.

७. एकाच धाग्यात अनेक रंग

याबद्दल थोडक्यात सांगून पुढे जातो, कारण कल्पना सोपी आहे. दोन भावांनी लाल आणि हिरवी अशा दोन बॅटऱ्या वापरल्या तर दोन संदेश एकाच वेळी जातील. फायबरमध्ये किंचित वेगवेगळ्या लांबीच्या लाटांचे ऐंशीच्या आसपास लेझर एकाच धाग्यात सोडता येतात. टोकाला ते पुन्हा वेगळे होतात. प्रत्येकावर १०० गिगाबिट चढवले तर ८,००० गिगाबिट, म्हणजे ८ टेराबिट. एर्बियमचा प्रवर्धक या सगळ्या रंगांना एकदमच तेज करतो, म्हणून हा मामला परवडतो.

८. मुंबईचा किनारा

सुरुवातीच्या शंकेचं सर्वांत मोठं उदाहरण मुंबईच्या समुद्रात आहे. सी-मी-वी ४ ही आग्नेय आशिया, मध्यपूर्व आणि पश्चिम युरोप यांना जोडणारी केबल २००५ च्या अखेरीस सुरू झाली. लांबी सुमारे १८,८०० किलोमीटर, भारतात ती मुंबई आणि चेन्नईला किनाऱ्यावर येते. तिच्यात फायबरच्या दोनच जोड्या आहेत. त्या वेळचा हिशेब: एका जोडीत ६४ रंग, प्रत्येकावर पेटव-विझवने १० गिगाबिट, दोन जोड्या. ६४ गुणिले १० गुणिले २, म्हणजे १,२८० गिगाबिट.

समुद्राच्या तळाशी केबल आणि प्रवर्धक आहेत तिथेच आहेत. पुढे किनाऱ्यावरच्या इमारतीतली यंत्रं बदलून तिच्यावर ४० आणि मग १०० गिगाबिटचे रंग सोडण्यात आले. पाथर्डीतल्या माणसाने घरातल्या डब्याकडे बोट दाखवून जे विचारलं, ते इथे अक्षरशः घडलं: हजारो किलोमीटर तार जशीच्या तशी, दोन टोकांचे डबे नवे.

पण याही युक्तीला भिंत आहे. ती क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्येच गणिताने दाखवली होती. संदेशाची शक्ती धुक्याच्या किती पट आहे ते घ्या, त्यात १ मिळवा आणि तो आकडा गाठायला १ ला २ ने किती वेळा गुणावं लागतं ते पाहा. खुणेमागे जास्तीत जास्त तेवढेच बिट. शक्ती १५ पट असेल तर अधिक १ म्हणजे १६, म्हणून ४ बिट. ८ बिट हवे असतील तर शक्ती २५५ पट लागेल. आजची चांगली यंत्रं या मर्यादेच्या इतकी जवळ पोचली आहेत की नवी चौकट शोधून आता फारसं काही मिळणार नाही.

म्हणूनच त्याच घराण्यातली नवी केबल, सी-मी-वी ६, वेगळ्या विचाराने आखली गेली. तिच्यात दोनऐवजी दहा जोड्या आहेत. कारण समुद्रातल्या प्रवर्धकांना वीज किनाऱ्यावरूनच पुरवावी लागते आणि ती मोजकीच असते. ती वीज एका जोडीत ओतून शक्ती दुप्पट केली तर खुणेमागे जेमतेम एक बिट वाढतो. तीच शक्ती दोन जोड्यांत वाटली तर प्रत्येकीच्या खुणेमागचा एकेक बिट कमी होतो, पण जोड्या दोन झाल्याने एकूण मजकूर वाढतो. खुणेमागे ५ बिट नेणाऱ्या एका जोडीऐवजी ४ बिट नेणाऱ्या दोन, म्हणजे ८. चाळीस वर्षं एका धाग्यात जास्तीत जास्त कोंबायचा ध्यास घेतलेले अभियंते आता सावकाश चालणारे जास्त धागे मोजू लागले आहेत.

जमिनीवर हे गणित आणखी सोपं आहे, कारण खर्च खणण्याचा असतो, काचेचा कमी. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना केंद्राने २०११ मध्ये मंजूर केली, २०१५ पासून तिला भारतनेट म्हणतात. तिच्यात तालुक्यापासून गावाकडे नेलेल्या केबलमध्ये २४ धागे असतात. जीपॉनला एका गावासाठी एकच धागा पुरतो, येणारा आणि जाणारा प्रकाश त्याच धाग्यात वेगवेगळ्या रंगांवर असतो. तेव्हा मोहटा किंवा मढीच्या रस्त्याने जाताना कडेला "ऑप्टिकल फायबर केबल, खणू नये" अशी पाटी दिसली तर तिच्याखाली एखादा धागा पेटव-विझव करत असेल, आणि कुठल्याच टोकाला यंत्र न लावलेले धागेही असतील. सोळा जागांची चौकट त्यांना ज्या दिवशी लागेल त्या दिवशी लागेल. जेसीबीचा दात बसला नाही, म्हणजे झालं.